अपघातातील जखमींना अफूजन्य वेदनाशामक कोणत्या मार्गाने द्यावे?

सह्यवासी (धागाकर्ता)

मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला मॉर्फिन द्यायचे हे एकदा ठरले, तरी ते कसे द्यायचे हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे त्यावर फारसे बोलले जात नाही. शिरेतून द्यावे, दंडात किंवा कमरेत टोचावे, नाकात फवारावे, की पंपाचे बटण रुग्णाच्याच हाती द्यावे? औषध तेच असले तरी मार्ग बदलला की परिणाम किती वेळात सुरू होईल, किती काळ टिकेल आणि धोका नेमका कोणत्या घटकेला उभा राहील, हे सगळे बदलते. मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करतो, आणि या विषयावरचे माझे मत आधीच सांगून टाकतो. गंभीर जखमीला ही औषधे स्नायूत टोचणे आपण बंद करायला हवे. बाकीच्या मार्गांत निवड करताना उपकरणाला जेवढे महत्त्व दिले जाते, त्याहून अधिक महत्त्व पाच मिनिटांनी परत येऊन "आता किती दुखते?" असे विचारण्याला द्यायला हवे.

स्नायूतील इंजेक्शनाला माझा विरोध का, ते सविस्तर सांगतो. स्नायूत टोचलेले औषध रक्तात किती लवकर उतरेल, हे त्या स्नायूला किती रक्त मिळते त्यावर ठरते. रक्तस्राव झालेल्या माणसाचे शरीर त्वचेचा आणि स्नायूंचा रक्तपुरवठा आखडते, म्हणजे ज्याला औषधाची गरज सर्वाधिक, त्याच्याच बाबतीत ते टोचल्या जागी पडून राहते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याजवळ मॉर्फिनच्या लहान नळ्या असत. एका नळीत अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम मॉर्फिन असे आणि ते त्वचेखाली टोचले जाई. इटलीच्या आघाडीवर काम केलेले भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४४ मध्ये या मॉर्फिनच्या उशिरा होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले आहे. थंडीने गारठलेल्या आणि रक्त गेलेल्या सैनिकाला पहिल्या टोचणीने आराम पडत नसे, म्हणून दुसरी दिली जाई, कधी तिसरीही. मग मागच्या तळावर त्याला ऊब आणि रक्त मिळाले की रक्ताभिसरण सुधारे, साठून राहिलेले सगळे मॉर्फिन एकदम रक्तात येई आणि श्वास मंदावे. ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली ही गोष्ट आजही आपल्या अपघात विभागांत घडू शकते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिरेतून दिलेले मॉर्फिन काही मिनिटांत काम करू लागते, मात्र त्याचा पूर्ण जोर यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. फेंटानिल हे त्याच जातीचे कृत्रिम औषध एक-दोन मिनिटांत लागू पडते आणि अर्ध्या ते एका तासात ओसरते. फ्रान्समध्ये मॉर्फिनची एक साधी पद्धत रुळलेली आहे. वजनानुसार २ किंवा ३ मिलिग्रॅम शिरेतून द्यायचे, पाच मिनिटे थांबायचे, वेदना शंभरपैकी किती ते विचारायचे, आणि आकडा तीसपर्यंत खाली येईपर्यंत, रुग्ण पेंगत नाही व श्वास मंदावत नाही हे पाहत, पुन्हा तेवढेच द्यायचे. एकाच मात्रेने सगळ्यांना सारखा आराम पडत नाही, हे या पद्धतीत गृहीतच धरलेले आहे.

आता पंपाविषयी. रुग्णाने बटण दाबले की ठरलेली छोटी मात्रा शिरेतून सोडणारा पंप शस्त्रक्रियेनंतर चांगला उपयोगी पडतो. तो अपघात विभागात आणला तर? इंग्लंडमधील पाच रुग्णालयांत झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ ते ७५ वयाच्या, दुखापतीमुळे दाखल होणाऱ्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना पंप दिला, निम्म्यांना नेहमीप्रमाणे परिचारिकांनी शिरेतून मॉर्फिन दिले, आणि बारा तासांतील एकूण वेदना मोजली. शंभराच्या मापावर ती पंपाच्या गटात सुमारे ४४ आणि नेहमीच्या गटात सुमारे ४७ भरली. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. पंपाच्या गटात मात्र सरासरी ४४ मिलिग्रॅम मॉर्फिन वापरले गेले आणि दुसऱ्या गटात २७. मला यातली अधिक बोचरी गोष्ट अशी वाटते की दोन्ही गटांतील माणसे बारा तास मध्यम वेदनेतच राहिली, तीही अशा देशात जिथे मॉर्फिन सहज मिळते आणि अभ्यासामुळे त्यांची वेदना तासातासाला नोंदवली जात होती.

या विषयात काम करणाऱ्यांचे आणि ज्यांनी हे घरी अनुभवले आहे त्यांचे, दोघांचेही म्हणणे वाचायला आवडेल.

रानवाट

डॉक्टर, लेख आवडला. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. गेल्या वर्षी माझी आई घरात पडून तिचे खुब्याचे हाड मोडले. ज्या रुग्णालयात आम्ही तिला नेले, तिथे आम्हाला सांगण्यात आले की अस्थितज्ज्ञ येऊन तपासेपर्यंत जोरकस वेदनाशामक देता येणार नाही, कारण त्यामुळे निदान चुकते. तिला एक्स-रेच्या टेबलावर सरकवले तेव्हाचे तिचे ओरडणे मी विसरू शकत नाही. हे कारण खरे असते का? आणि वय ७८ असताना मॉर्फिन देणे धोक्याचे असते का?

सह्यवासी

रानवाट, आपल्या आईंना जे सोसावे लागले ते टाळता येण्यासारखे होते. वेदनाशामकाने निदान लपते ही समजूत मुळात पोटदुखीच्या रुग्णांविषयीची आहे, आणि तिथेही नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही. आधी अफूजन्य औषध दिल्याने चुकीचे निदान किंवा चुकीचे उपचार वाढल्याचे दिसले नाही. मोडलेल्या खुब्याचे निदान तर एक्स-रेवर होते, आणि वेदना कमी असेल तर एक्स-रे अधिक नीट काढता येतो. एका बाबतीत मात्र सावध राहावे लागते. पायाच्या नळीचे हाड मोडल्यावर स्नायूंच्या आवरणात दाब वाढू लागला, तर दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि वाढत जाणारी वेदना ही त्याची पहिली खूण असते. म्हणून अशा रुग्णाला औषध द्यायचेच, पण योग्य मात्रा देऊनही वेदना वाढते आहे असे दिसले, तर आणखी औषध भरण्याआधी पाय पुन्हा तपासायचा.

वयाबद्दल सांगायचे तर ज्येष्ठांना औषध देऊ नये असे नसते. मात्रा कमी ठेवून सावकाश द्यावे लागते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे क्रियाशील घटक साठतात आणि गुंगी लांबते, म्हणून तिथे फेंटानिल बरे. खुब्याच्या दुखापतीत तर जांघेजवळ नसा बधिर करणारे इंजेक्शन देण्याची सोय असेल, तर अफूजन्य औषधाची गरजच पुष्कळ कमी होते.

निशिगंध

मी शासकीय रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. डॉक्टरांनी लिहिलेले सगळे पटते, तरी "पाच मिनिटांनी परत येऊन विचारणे" हे वाक्य वाचून थांबले. रात्रपाळीला एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) आणि एक इंटर्न असतो. दोन दुचाकींची धडक झालेली असते, एका विषबाधेच्या रुग्णाच्या पोटात नळी घालायची असते, पोलीस एमएलसीच्या (पोलिसांकडे नोंदवायच्या प्रकरणाच्या) कागदांसाठी उभे असतात. अशा वेळी एका रुग्णाजवळ पाच-पाच मिनिटांनी जाऊन मॉर्फिनची छोटी मात्रा देणे कोणाला जमेल?

दुसरी अडचण कपाटाची. मॉर्फिन आणि फेंटानिल दुहेरी कुलपात असते. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना शोधायचे, नोंदवहीत रुग्णाचे नाव, मात्रा, उरलेले औषध लिहायचे, दोन सह्या घ्यायच्या, रिकामी ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) मोजून परत ठेवायची. हे नियम आवश्यक आहेत, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्याला पाऊण तास लागतो आणि डायक्लोफिनॅक किंवा ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांची ॲम्प्यूल ट्रॉलीवर हाताशी असते, तेव्हा स्नायूत सुई का टोचली जाते हे समजून घ्यायला हवे. त्यात नातेवाइकांनाही "इंजेक्शन दिले" याचे समाधान लगेच मिळते.

म्हणून माझा प्रश्न असा की मनुष्यबळ कमी असेल तिथे पंपच अधिक योग्य नाही का? रुग्ण स्वतः बटण दाबेल, आम्ही अधूनमधून पाहू.

सह्यवासी

ताई, आपण या धाग्याला जमिनीवर आणले, त्याबद्दल आभारी आहे. आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे माझे उत्तर अर्धे होकारार्थी आहे.

पंप वेदना खाली ठेवतो, पण खाली आणत नाही. बटणाची एक मात्रा साधारण १ मिलिग्रॅम मॉर्फिनची असते आणि तिच्यानंतर पाच मिनिटे पंप कितीही दाबला तरी औषध सोडत नाही. वेदना शंभरपैकी नव्वद असताना एवढ्यावर रुग्णाला सोडले, तर आराम पडायला फार वेळ जाईल. म्हणून पहिला आराम कोणीतरी शेजारी उभे राहूनच मिळवून द्यावा लागतो, आणि पंपाचा विचार त्यानंतर, वॉर्डात किंवा शस्त्रक्रियेची वाट पाहताना करावा. शिवाय डोक्याला मार लागलेला, दारू प्यालेला, दोन्ही हात जखमी असलेला किंवा गोंधळलेला वृद्ध रुग्ण बटण वापरू शकत नाही, आणि रात्रीच्या कॅज्युअल्टीत असेच रुग्ण अधिक असतात. बटण रुग्णाऐवजी नातेवाइकाने दाबले तर या पद्धतीचे मुख्य संरक्षणच जाते. पेंगुळलेला माणूस स्वतः बटण दाबत नाही, म्हणून जादा मात्रा टळते. मुलगा काळजीपोटी दाबत राहिला तर ती टळत नाही. पंप चालू असतानाही श्वासाचा वेग आणि गुंगी तपासावीच लागते, तेव्हा "अधूनमधून पाहू" एवढे पुरत नाही.

मनुष्यबळ कमी असेल तर मी फेंटानिलकडे वळेन. शिरेतून दर किलोला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम दिले की काही मिनिटांतच पुरेसे झाले की नाही ते कळते. मॉर्फिनसाठी पंधरा-वीस मिनिटे गुंतून पडणारा माणूस लवकर मोकळा होतो, आणि तेवढ्या आरामात खपची बांधणे, एक्स-रे काढणे उरकते. मोडलेला अवयव खपचीने स्थिर करणे हेही वेदनाशामकच आहे. ते आधी केले तर मात्रा कमी लागते. किल्लीचा प्रश्न मात्र औषधाने सुटणार नाही. किल्ली पाळीवरच्या जबाबदार व्यक्तीकडे, विभागाच्या आतच असली पाहिजे, आणि हा निर्णय अधीक्षकांनी घ्यायचा असतो.

पैलतीर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये अपघात विभागात काम करते, मूळची सांगलीची. नाकाच्या मार्गाबद्दल धाग्यात फारसे आलेले नाही, म्हणून लिहिते. हाड मोडलेल्या मुलांना इथे पूर्वी स्नायूत मॉर्फिन टोचत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ अपघात विभागांतील ३ ते १६ वयाच्या ४०४ मुलांना नाकात डायामॉर्फिनचा फवारा किंवा स्नायूत मॉर्फिन दिले गेले. फवारा मिळालेल्या मुलांची वेदना पाच, दहा आणि वीस मिनिटांना कमी होती. अर्ध्या तासानंतर दोन्ही गट सारखे झाले. औषध देताना ८० टक्के मुलांना फवाऱ्याचा उघड त्रास झाला नाही, सुईच्या गटात हेच प्रमाण ९ टक्के होते. डायामॉर्फिन म्हणजे हेरॉइनच. ब्रिटनमध्ये ते औषध म्हणून कायदेशीर आहे, भारतात त्याचा प्रश्न येत नाही. पण फेंटानिलचेही तसेच आहे. ऑस्ट्रेलियात ६७ मुलांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाकावाटे फेंटानिल आणि शिरेतून मॉर्फिन यांचा परिणाम सारखाच दिसला. २०१६ च्या इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत गंभीर दुखापतीसाठी शिरेतून मॉर्फिन हा पहिला पर्याय आहे, आणि शीर मिळालेली नसेल तर नाकावाटे डायामॉर्फिन किंवा केटामाइन (अफूजन्य नसलेले, भुलीसाठीही वापरले जाणारे वेदनाशामक) यांचा विचार करावा असे सांगितले आहे. स्नायूचा मार्ग त्या शिफारशीत नाही.

घाटमाथा

सह्याद्रीत पडझड झालेल्या ट्रेकर्सना खाली आणणाऱ्या पथकासोबत मी डॉक्टर म्हणून जातो. तिथे पावसात, अंधारात, अरुंद कड्यावर शीर शोधणे कठीण असते, रुग्ण गारठलेला असतो, आणि स्ट्रेचरवरून गावापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात. बीचर यांचे वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण परिस्थिती अगदी तीच आहे. नाकाचा मार्ग इथे चालेल का? अमेरिकी सैन्यात फेंटानिलची चघळण्याची कांडी वापरतात असे वाचले होते.

सह्यवासी

घाटमाथा, ती कांडी ८०० मायक्रोग्रॅमची असते, गालाच्या आतल्या बाजूला धरायची. सैनिकाच्या बोटाला ती चिकटपट्टीने बांधतात, म्हणजे गुंगी आली की हात खाली पडतो, कांडी तोंडाबाहेर येते आणि औषध थांबते. ही युक्ती मला फार आवडते, कारण पंपाच्या बटणामागचा विचारच तिने एका चिकटपट्टीवर साधला आहे. पण शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत) असलेल्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या जखमीसाठी ती तिथेही वापरत नाहीत. त्याला केटामाइन देतात.

आपल्या परिस्थितीत नाकाचा मार्ग तत्त्वतः योग्य आहे. माझी भीती औषध दिल्यानंतरच्या तासांची आहे. दोरावर लटकलेल्या स्ट्रेचरमध्ये बांधलेल्या माणसाचा श्वास कोण मोजणार? बोटाला ऑक्सिमीटर, हाताशी कृत्रिम श्वास देण्याचा फुगा-मुखवटा आणि अफूजन्य औषधावरचा उतारा असलेले नॅलोक्सोन, आणि रुग्णाच्या चेहऱ्याजवळ चालणारा एक प्रशिक्षित माणूस एवढे नसेल, तर मी खपची, ऊब आणि साध्या वेदनाशामकांवरच थांबेन. नॅलोक्सोनचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरतो, त्यामुळे एकदा दिले म्हणजे संकट टळले असे समजता येत नाही, आणि रुग्णालय चार तास दूर असताना हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

औषधीविद्या

मी रुग्णालयातील औषधनिर्माता आहे. "कायद्यामुळे मॉर्फिन ठेवता येत नाही" असे अनेक ठिकाणी ऐकू येते, म्हणून वस्तुस्थिती मांडतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर प्रत्येक राज्याचे परवान्याचे नियम वेगळे होते आणि एका औषधासाठी अनेक परवाने लागत, त्यामुळे खरोखरच अडचण होती. २०१४ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन अत्यावश्यक अमली औषधे असा वेगळा वर्ग करण्यात आला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आहेत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मंजुरी घेतली की ती ठेवता येतात; वार्षिक गरजेचा अंदाज, नोंदवही आणि प्रशिक्षित डॉक्टर या अटी पाळाव्या लागतात. शिवाय ट्रॅमाडॉल २०१८ पासून याच कायद्याखाली आले आहे, तेव्हा "ट्रॅमाडॉल बिनधोक आणि मॉर्फिन धोक्याचे" हा भेद आता कायद्यानेही तितकासा उरलेला नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकवणाऱ्या आपल्या देशातच जखमीला मॉर्फिन मिळू नये, हे मनाला पटत नाही.

सह्यवासी

औषधीविद्या, ही माहिती फार आवश्यक होती. तिला जोडून पेंटाझोसिन या वेदनाशामकाविषयी लिहितो, कारण अनेक ठिकाणी मॉर्फिनऐवजी तेच दिले जाते. त्याची मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवून आराम वाढत नाही, हृदयावरचा भार वाढतो, काही रुग्णांना भास होतात, आणि आधी मॉर्फिन दिलेले असेल तर हे औषध त्याचाच परिणाम काही अंशी पुसून टाकते. एका रुग्णालयात पेंटाझोसिन देऊन दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ते ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.

रानवाट

अमेरिकेत या औषधांमुळे एवढी व्यसनाधीनता पसरली असे आपण वाचतो. तरीही आपण ती अधिक वापरावीत असे म्हणणे योग्य आहे का?

सह्यवासी

ही शंका रास्त आहे. अमेरिकेतील संकटाच्या मुळाशी महिनोन्महिने घरी घेण्यासाठी लिहून दिलेल्या गोळ्यांचा मोठा वाटा होता. मोडलेले हाड बसेपर्यंत, रुग्णालयात, कोणाच्यातरी नजरेखाली शिरेतून दिलेली मात्रा ही वेगळी गोष्ट आहे. सावधपणा घरी जातानाच्या चिठ्ठीवर दाखवावा; तिथे मी शक्यतो अफूजन्य औषध लिहीत नाही आणि लिहिलेच तर दोन-तीन दिवसांपुरते.

निशिगंध

डॉक्टर, नाकाच्या मार्गाबद्दल एकदा प्रत्यक्ष कसे करायचे ते लिहाल का? आमच्याकडे फेंटानिल येते, फवाऱ्याचे टोक मागवता येईल. लहान मुलांची शीर शोधताना आमची आणि त्यांची फार ओढाताण होते.

सह्यवासी

जरूर, ताई. हे आपल्या विभागातील डॉक्टरांच्या लेखी आदेशानेच करायचे आहे, हे गृहीत धरतो. मात्रा दर किलोला दीड मायक्रोग्रॅम. आपल्याकडील ॲम्प्यूलमध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असते. वीस किलोच्या मुलासाठी ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिलिटर होते, आणि ते प्रत्येक नाकपुडीत अर्धे अर्धे द्यायचे. फवाऱ्याच्या टोकात थोडे औषध अडकून राहते, म्हणून पहिल्यांदा सुमारे ०.१ मिलिलिटर जास्त ओढून घ्यावे. एका नाकपुडीत एका वेळी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा फार जास्त गेले तर ते घशात उतरते आणि वाया जाते. सत्तर किलोच्या माणसाला याच हिशेबाने दोन मिलिलिटरहून जास्त द्यावे लागेल, म्हणून आपल्याकडील औषध मुलांना जितके सोयीचे पडते तितके मोठ्यांना पडत नाही. मूल अर्धवट बसलेले असावे, नाक शेंबडाने किंवा रक्ताने भरलेले नसावे, आणि चेहऱ्याला जोराचा मार असेल तर हा मार्ग घेऊ नये. दहा मिनिटांनी आराम कमी वाटला तर डॉक्टरांना विचारून पहिल्याच्या निम्मी मात्रा पुन्हा देता येते, आणि तोवर मुलाला आईच्या मांडीवरच ठेवून त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवावा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हाड बसवून प्लॅस्टर घातले की वेदना अचानक ओसरते, पण औषध मात्र रक्तात असतेच; इतका वेळ वेदनेने जागे ठेवलेले मूल अशा वेळी झोपी जाते आणि नेमका तेव्हाच श्वास मंदावू शकतो. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर किमान एक तास त्याला नजरेसमोर ठेवावे, प्लॅस्टर झाले म्हणून खाट रिकामी करण्याची घाई करू नये, आणि हाक मारल्यावर डोळे उघडून नीट उत्तर दिल्याशिवाय घरी सोडू नये.